अब्बांचा अर्ज

(घरात कोणाचा दीर्घ आजार असेल, तर नोकरी करणाऱ्या माणसाला कधी कधी स्वतःहून बदली मागावी लागते. असा एक अर्ज कसा लिहिला गेला, त्यात कोणत्या चुका झाल्या व त्या कशा सुधारल्या, हे या पाठात सांगितले आहे. उर्दूत व मराठीत सारखे असलेले काही शब्द मराठीत निराळ्या अर्थाने वापरतात. त्यांच्याकडे वाचताना विशेष लक्ष द्या.)

मी दहावीत होतो तेव्हाची, म्हणजे २००६-०७ सालची ही गोष्ट आहे. आम्ही जुन्या नाशकात राहत होतो. अब्बा एका सरकारी कचेरीत लिपिक होते. जून २००५ मध्ये त्यांची बदली सुरगाण्याला झाली. सुरगाणा हा नाशिक जिल्ह्यातलाच तालुका, पण अगदी गुजरातच्या सीमेवरचा. नाशकाहून एस.टी.ने निघाले की दिंडोरी, वणी, बोरगाव असे करत घाटातून तेथे पोचायचे. अंतर नव्वद किलोमीटरांच्या आसपास असेल. पण पावसाळ्यात गाडी केव्हा पोचेल, हे कंडक्टरलाही सांगता येत नसे. म्हणून अब्बांनी तेथे एक खोली भाड्याने घेतली. शनिवारी रात्री ते घरी येत आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जात.

पहिले वर्ष असेच गेले. २००६ च्या पावसाळ्यात अम्मीच्या पायांवर सूज येऊ लागली. जेवण जाईना, चार पायऱ्या चढल्या की धाप लागे. ऑगस्टमध्ये तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितले, की तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आपण उर्दूत ज्याला गुर्दा म्हणतो, त्यालाच मराठीत मूत्रपिंड म्हणतात. मूत्रपिंडे रक्त गाळून त्यातले नको असलेले पदार्थ व जास्तीचे पाणी बाहेर टाकतात. ती थांबली की हे काम यंत्राने करावे लागते. त्या उपचाराला डायलिसिस म्हणतात. यात शरीरातले रक्त नळीतून यंत्रात जाते, तेथे स्वच्छ होते आणि दुसऱ्या नळीतून परत शरीरात येते. अम्मीला हा उपचार आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, घ्यावा लागे. एका वेळेला चार तास लागत.

आजार घरात आला म्हणजे घराचे नियम बदलतात. अम्मीच्या डाव्या हातात छोटी शस्त्रक्रिया करून सुया टोचण्यासाठी जागा केली होती. त्या हाताने ती बादली उचलत नसे. पाणी मोजून प्यायचे होते. स्टीलची एक लहान वाटी ठरलेली होती. दिवसभरात तेवढ्या ठरावीक वाट्या, जास्त नाही. उन्हाच्या दिवसांत ती वाटी हातात घेऊन नुसती बसून राही, लगेच पीत नसे. उपचाराच्या दिवशी घरी येताना तिला चक्कर येई. म्हणून बरोबर कोणीतरी असणे भागच होते.

ते कोणीतरी कोण? मोठ्या आपाचे लग्न होऊन ती धुळ्याला गेली होती. दादीला डोळ्यांनी नीट दिसत नव्हते. धाकटा भाऊ दुसरीत होता. सुरुवातीचे दोन आठवडे शेजारच्या खाला अम्मीबरोबर गेल्या. मग त्यांच्या घरी सुनेचे बाळंतपण आले. तेव्हापासून मी जाऊ लागलो. अब्बांना मात्र हे ठाऊक नव्हते. अम्मीने मला बजावले होते, "खाला जातात असेच अब्बांना वाटू दे. नाहीतर ते नोकरी सोडून येतील."

आमच्या शाळेत सगळ्या शिक्षिकांना आम्ही आपा म्हणायचो, पण मराठीच्या बाईंना बाईच म्हणायचो. जानेवारीत एकदा तास संपल्यावर त्यांनी मला थांबवले. त्यांच्यापुढे हजेरीपट उघडा होता. त्या म्हणाल्या, "डिसेंबरमध्ये चार मंगळवार आले. चारही दिवस तू नव्हतास. शुक्रवार पाच आले, त्यांतले चार दिवस नव्हतास. बाकी एकही दिवस चुकला नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी कुठे असतोस?"

मला वाटले, आता मार बसेल. मी खरे ते सांगून टाकले. बाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "तुझ्या वडिलांनी विनंती बदलीचा अर्ज केला आहे का?"

विनंती बदली हा शब्द मी तेव्हा प्रथम ऐकला. सरकार आपल्या सोयीने कर्मचाऱ्याला दुसरीकडे पाठवते, ती प्रशासकीय बदली. कर्मचारी स्वतःच्या अडचणीसाठी मागतो, ती विनंती बदली. प्रशासकीय बदलीत सामान हलवण्याचा व प्रवासाचा भत्ता मिळतो. विनंती बदलीत तो मिळत नाही, खर्च आपला आपण करायचा.

रविवारी मी अब्बांना विचारले. ते म्हणाले, "अर्ज करून काय उपयोग? तीन वर्षे झाल्याशिवाय बदली होत नाही, असे सगळे म्हणतात." अब्बा उर्दू माध्यमात शिकले होते. मराठी ते उत्तम बोलत. कचेरीतली पत्रेही जुना कागद समोर ठेवून नीट लिहीत. पण स्वतःचे गाऱ्हाणे लिहिण्याची वेळ आली, की त्यांचे पेन अडे. शेवटी ते म्हणाले, "तू लिही. तुझ्या बाईंना दाखव. मी सही करीन."

त्या आठवड्यात बुधवारी त्यांचा एस.टी.डी. बूथवरून फोन आला. आवाजात थोडी उमेद होती. कचेरीतल्या अव्वल कारकुनांना त्यांनी विचारले होते. या गृहस्थांना सगळे भाऊसाहेब म्हणत, आणि नियमांची पुस्तके त्यांना तोंडपाठ होती. भाऊसाहेबांनी सांगितले, की बदल्यांचा नवा कायदा आला आहे. त्याचे नाव एका दमात वाचता येत नाही : महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. तो १ जुलै २००६ पासून लागू झाला. एका जागेवरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आणि बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात, असे त्यात म्हटले आहे. तेव्हा लोक म्हणत होते ते खोटे नव्हते, पण अर्धे होते. त्याच कायद्यात पुढे असेही आहे, की विशेष बाब असेल तर तीन वर्षांच्या आतही बदली करता येते. मात्र तशी बदली करणाऱ्या अधिकाऱ्याला तिची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि वरच्या अधिकाऱ्याची आधी मान्यता घ्यावी लागते.

हे "कारणे लेखी नोंदवावी लागतात" शब्द मी एका चिठ्ठीवर लिहून ठेवले. त्यांचे महत्त्व मला पुढे कळले.

आमचे मामू आले होते. ते म्हणाले, "अर्जबिर्ज काय करता? एखाद्या पुढाऱ्याची चिठ्ठी आणू." अब्बांनी भाऊसाहेबांना हेही विचारले असावे, कारण पुढच्या फोनवर ते ठामपणे नाही म्हणाले. सरकारी कर्मचाऱ्याने आपल्या नोकरीच्या कामासाठी बाहेरचे वजन आणू नये, असे १९७९ च्या वर्तणूक नियमांत सांगितले आहे. तशी चिठ्ठी फायलीला लागली तर ती आपल्यावरच उलटू शकते. मामूंना ते पटले नाही. आजही त्यांना ते पटलेले नाही.

मी अर्ज लिहायला बसलो. मराठीत मला वर्गात बरे गुण मिळत, त्यामुळे मला फार आत्मविश्वास होता. माझा पहिला मसुदा असा होता :

"महोदय, मी आपला अत्यंत नम्र सेवक आहे. माझ्यावर दुःखाचा डोंगर कोसळला आहे. माझी पत्नी फार म्हणजे फारच आजारी आहे. सुरगाणा फार दूर आहे आणि येथे माझी फार अडचण होते. काही जणांना लगेच बदली मिळाली, पण माझ्यावर अन्याय झाला. मुलांच्या शिक्षेचेही हाल होत आहेत. तरी कृपा करून माझी तक्रार ऐकावी. कोणत्याही टेबलावर काम करण्यास मी राजीनामा देत आहे. सोबत दवाखान्याचे कागद आहेत. त्यांचा खुलासा असा, की हा आजार बरा होणारा नाही."

बाई लाल पेन्सिल घेऊन वाचू लागल्या. शेवटच्या ओळींपाशी येताच त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, "तुझे वडील नोकरी सोडणार आहेत का?"

"नाही, बाई."

"मग राजीनामा कशाला देतोस?"

अब्बा मला म्हणाले होते, 'लिख दे, किसी भी टेबल पर काम करने को राजी हूँ.' राजी म्हणजे तयार. हा शब्द मराठीतही त्याच अर्थाने आहे. मला वाटले, लिहून द्यायचे म्हणजे राजीनामा. उर्दूत दोन पक्ष भांडण मिटवून लेखी समझोता करतात, त्याला राजीनामा म्हणतात. मराठीत मात्र राजीनामा म्हणजे इस्तीफा! बाईंनी त्या शब्दाभोवती एक गोल काढला, मग दुसरा काढला, मग तिसरा. त्या म्हणाल्या, "हा कागद असाच गेला असता, तर साहेबांनी बदली केली नसती. कदाचित हा मंजूर केला असता." तेव्हा मला हसू आले. घरी जाताना मात्र पाय लटपटत होते. त्या पगारावर अम्मीचा मंगळवार आणि शुक्रवार चालत होता.

मित्रांनो, मराठीत अरबी-फारसीतून आलेले शेकडो शब्द आहेत आणि कचेरीच्या मराठीत तर ते पावलोपावली भेटतात. अर्ज हाच शब्द घ्या. मुशायऱ्यात शायर 'अर्ज किया है' म्हणून शेर ऐकवतो. कचेरीत त्याच अर्जावर शिक्का बसतो. तारीख, हुकूम, मुदत, नक्कल, शिफारस, हजर हे आपले ओळखीचे शब्द आहेत. म्हणून आपल्याला वाटते, कचेरीचे मराठी आपल्याला येतेच. पण यांतले काही शब्द मराठीत येताना वाटेत अर्थ बदलून आले आहेत. आपण फसतो ते नेमके तेथेच.

तक्रार म्हणजे उर्दूत हुज्जत, बोलाचाली. मराठीत तक्रार म्हणजे शिकायत. बदली मागणारा माणूस कोणाविरुद्ध शिकायत करत नसतो, म्हणून त्या ठिकाणी विनंती हवी. खुलासा म्हणजे उर्दूत सारांश. मराठी कचेरीत 'खुलासा सादर करा' असे पत्र आले, तर समजावे, की आपली काही चूक दिसली आहे आणि तिचे कारण विचारले आहे. दाखला हा शब्द शाळेत प्रवेश घेतानाचा नव्हे. मराठीत दाखला म्हणजे प्रमाणपत्र. रजा म्हणजे उर्दूत मर्जी, संमती. मराठीत रजा म्हणजे छुट्टी, आणि ती मागावी लागते. आणि शिक्षा हा तर संस्कृत शब्द. हिंदीत तो तालीम या अर्थाने आपण वाचतो, पण मराठीत शिक्षा म्हणजे सजा. 'मुलांच्या शिक्षेचे हाल' हे वाचून बाई म्हणाल्या, "तुम्ही मुलांनी असा कोणता गुन्हा केला?"

शब्द सुधारायला अर्धा तास लागला. खरे काम त्यानंतर सुरू झाले.

बाईंनी मसुद्यातले 'फार' मोजले. चार निघाले. "फार आजारी म्हणजे काय? फार दूर म्हणजे किती? फार अडचण म्हणजे कोणती?" मी तोंडी सांगत गेलो आणि त्या कागदाच्या कडेला टिपत गेल्या : दोन्ही मूत्रपिंडे, ऑगस्टपासून, आठवड्यातून दोनदा, चार तास. 'काही जणांना लगेच बदली मिळाली' हे वाक्य त्यांनी पुरते खोडले. दुसऱ्याला काय मिळाले याने आपली अडचण सिद्ध होत नाही, उलट वाचणाऱ्याचे मन आपल्यापासून दूर जाते, असे त्यांचे म्हणणे होते.

मी म्हणालो, "पण बाई, यात दुःख कुठे राहिले?"

त्यांनी माझी चिठ्ठी मागितली. 'कारणे लेखी नोंदवावी लागतात.' ती वाचून त्या म्हणाल्या, "साहेबांना वाईट वाटले, तरी त्यांना फायलीत काहीतरी लिहायचे आहे. ते वरच्या साहेबांना दाखवायचे आहे. 'दुःखाचा डोंगर' त्यांना फायलीत लिहिता येईल का? मंगळवार आणि शुक्रवार लिहिता येईल."

मग त्यांनी विचारले, "आणि आईबरोबर कोण जाते, ते का लिहिले नाहीस?"

मी खाली पाहिले. ते मी मुद्दाम लिहिले नव्हते. अर्ज अब्बा वाचणार होते.

बाईंनी जबरदस्ती केली नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "या कागदावर सगळ्यांत खरी गोष्ट तीच आहे. लिहायची की नाही, ते तू आईला विचारून ठरव." अम्मीला मी त्याच रात्री विचारले. ती बराच वेळ वाटी हातात घेऊन बसली. मग म्हणाली, "लिख दे."

शनिवारी रात्री अब्बा आले. जेवण झाल्यावर मी अर्ज वाचून दाखवू लागलो. दहावीच्या मुलाचे वाक्य आले तेव्हा माझा आवाज लहान झाला. अब्बांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. ते वाक्य त्यांनी दोनदा वाचले असावे. कोणी काही बोलले नाही. त्यांनी खिशातून पेन काढले, सही केली आणि म्हणाले, "तारीख तू घाल." मी सोमवारची तारीख घातली, कारण अर्ज त्या दिवशी द्यायचा होता.

तो अर्ज पुढे दिला आहे. माणसांची व कचेरीची नावे मी वगळली आहेत.

दिनांक : २९ जानेवारी २००७

प्रति,
मा. बदली प्राधिकारी,
नाशिक

मार्फत : मा. कार्यालय प्रमुख, सुरगाणा

विषय : पत्नीच्या आजारपणामुळे नाशिक येथे विनंती बदली मिळण्याबाबत.

महोदय,

मी जून २००५ पासून सुरगाणा येथे लिपिक या पदावर काम करीत आहे. माझे कुटुंब नाशिक येथे राहते.

माझ्या पत्नीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून ऑगस्ट २००६ पासून तिच्यावर नाशिक येथील रुग्णालयात डायलिसिसचा उपचार सुरू आहे. हा उपचार दर मंगळवारी व शुक्रवारी घ्यावा लागतो. प्रत्येक वेळी सुमारे चार तास लागतात. उपचारानंतर तिला एकटीने घरी येता येत नाही. हा उपचार पुढेही चालू ठेवावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. सुरगाणा येथे ही सोय नाही.

घरी माझी वृद्ध आई व दोन मुले आहेत. एक मुलगा इयत्ता दुसरीत व एक इयत्ता दहावीत आहे. सध्या दहावीतील मुलगा आईबरोबर रुग्णालयात जातो. त्यामुळे डिसेंबर २००६ मध्ये तो आठ दिवस शाळेत गैरहजर राहिला. माझी अर्जित रजाही संपत आली आहे.

सुरगाणा येथे माझी तीन वर्षे पूर्ण झालेली नाहीत, याची मला जाणीव आहे. तथापि, वरील कारणांचा विशेष बाब म्हणून विचार होऊन २००७ च्या सर्वसाधारण बदल्यांच्या वेळी माझी नाशिक येथे बदली व्हावी, ही विनंती. नाशिक येथे पद रिक्त नसल्यास दिंडोरी किंवा निफाड येथील बदलीही मला चालेल. तेथून रोज घरी परत येता येईल. कोणत्याही टेबलाचे काम करण्यास मी राजी आहे. विनंती बदलीमुळे प्रवास भत्ता मिळणार नाही, हे मला मान्य आहे.

आपला विश्वासू,
(सही)
लिपिक

सोबत : १) वैद्यकीय दाखला. २) उपचाराच्या नोंदींची प्रत. ३) मुलाच्या हजेरीबाबत मुख्याध्यापकांचा दाखला.

या अर्जात 'नम्र सेवक' नाही, डोंगर नाही, अश्रू नाहीत. दिंडोरी आणि निफाडची ओळ बाईंनी सुचवली होती. अब्बांना ती आवडली नव्हती. कमी मागितले तर कमीच मिळेल, असे त्यांना वाटत होते. बाईंचे म्हणणे असे, की जागाच रिकामी नसेल, तर साहेबांच्या मनात असूनही त्यांना काही करता येणार नाही. त्यांच्यासाठी दुसरी वाट उघडी ठेवावी.

मार्फत या शब्दाकडेही पाहा. अर्ज मोठ्या साहेबांकडे जायचा असला, तरी तो आपल्या कार्यालय प्रमुखांच्या हातून जातो. यालाच योग्य मार्गाने अर्ज करणे म्हणतात. प्रमुख त्यावर आपला अभिप्राय लिहून तो पुढे पाठवतात. थेट वर धाडलेला अर्ज बहुधा फिरून खालीच येतो आणि मध्ये महिना जातो. अर्जाच्या दोन प्रती काढायच्या. एक कचेरीत द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यायचा. त्याला पोच म्हणतात. भाऊसाहेबांनी अब्बांना ताकीदच दिली होती, की पोच खिशात आल्याशिवाय टेबलापासून हलू नका.

२००७ नंतर बरेच बदलले आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांच्या बदल्या २०१७ पासून संगणकावर होऊ लागल्या. शिक्षकाला किंवा त्याच्या जोडीदाराला ठरावीक गंभीर आजार असेल, तर त्याचा विशेष संवर्गात विचार होतो. पण दाखला तेथेही जोडावाच लागतो. डायलिसिससाठीही २०१६ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत ही सोय वाढू लागली. आमच्या वेळी तसे नव्हते.

मार्चमध्ये माझी परीक्षा आली. बदली झाली तरी ती मे महिन्यात होणार, तिचा मला या परीक्षेत काही उपयोग नव्हता. अब्बांनी उरलेली रजा जपून ठेवली होती. ज्या मंगळवारी आणि शुक्रवारी माझा पेपर होता, त्या दिवशी ते अम्मीबरोबर गेले.

मेच्या शेवटच्या आठवड्यात हुकूम निघाला. नाशकात जागा नव्हती. दिंडोरीला होती. सुरगाण्याहून कार्यमुक्त होऊन अब्बा जूनमध्ये दिंडोरीला रुजू झाले. (रुजू होणे हाही पाहुणा शब्दच. उर्दूत रुजू म्हणजे वळणे, परतणे. मराठीत नोकरीच्या जागेवर हजर होणे.) दिंडोरी नाशकापासून पंचवीस किलोमीटरांवर आहे. आम्ही रुग्णालयात विचारून अम्मीची वेळ संध्याकाळची करून घेतली. सहा वाजता मी तिला घेऊन जाई. साडेसातच्या सुमारास अब्बा दिंडोरीहून परस्पर तेथेच येत, माझ्या हातात आपला डबा देत आणि म्हणत, "तू जा, अभ्यास कर." रात्री साडेदहाला दोघे रिक्षाने घरी येत. दादी तोवर जागी असे.

अम्मी त्यानंतर पाच वर्षे आमच्यात होती. धाकट्या भावाने तिला सातवीचा निकाल दाखवला.

अब्बा आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत कागदांची एक फाईल आहे. मी मराठीचा शिक्षक झालो, तेव्हा त्यांनी ती उघडून मला दाखवली. पोच घेतलेला अर्ज त्यात होता. त्याच्याखाली माझा पहिला मसुदाही होता. तो मी फेकून दिला होता. त्यांनी तो केव्हा उचलला, मला माहीत नाही. घडीवर कागद विरला आहे, पण 'राजीनामा' या शब्दाभोवतीचे तिन्ही लाल गोल अजून स्पष्ट दिसतात.

स्वाध्याय

१. अम्मीने लेखकाला कोणती गोष्ट लपवायला सांगितली? का?

२. 'मंगळवार आणि शुक्रवार लिहिता येईल' असे बाई का म्हणाल्या? कायद्यातील तरतुदीचा आधार घेऊन चार-पाच वाक्यांत लिहा.

३. पुढील शब्दांचा उर्दूतील अर्थ व मराठीतील अर्थ लिहा आणि मराठी अर्थाने प्रत्येकी एक वाक्य तयार करा : दाखला, तक्रार, रजा, खुलासा, रुजू.

४. पहिल्या मसुद्यातील कोणती वाक्ये अर्जातून पूर्ण गेली? त्यांपैकी एखादे ठेवायला हवे होते, असे तुम्हांला वाटते का? कारण द्या.

५. दिंडोरी व निफाड यांची नावे अर्जात घालण्याबद्दल अब्बा आणि बाई यांचे मत वेगळे होते. दोघांचे म्हणणे आपल्या शब्दांत लिहा.

६. तुमच्या ओळखीच्या एका परिचारिकेची मुलगी थॅलेसेमियाने आजारी आहे. तिला दर तीन आठवड्यांनी दूरच्या शहरात रक्त द्यावे लागते. परिचारिकेच्या वतीने विनंती बदलीचा अर्ज लिहा. 'फार' हा शब्द वापरू नका.